कडूपणाचं झाकण

३ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. साष्टांगातला फक्त 'सा' घालते आहे, बाकीचं अंग प्रयोगशाळेतल्या स्टुलावरून उठायला तयार नाही.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला तीन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आता गुमान ऐक.

तुझ्या भाचीने कडूपणाला हरवलंय!

हसू नकोस. तीन वर्षं हे पोटात ठेवलं होतं, काल मंजुरीचा कागद आला म्हणून सांगते. झालं असं, की एका झुडपाच्या मुळाची साल उकळून त्यातून आम्ही कापडाचा रंग पक्का करणारं काहीतरी शोधत होतो. ते काही सापडलं नाही. हाती लागली एक पांढरी पूड, तिला ना रंग ना वास. वैतागून मी वही पुढे ओढली आणि बोटाला थुंकी लावून पान उलटलं. हो, तीच सवय, जिच्यापायी तू माझ्या बोटांवर पट्टी मारून मारून थकलीस. मग डोकं दुखत होतं म्हणून एक गोळी तोंडात टाकली. पाण्याचा ग्लास शोधेपर्यंत ती विरघळलीसुद्धा, आणि आत्या, कडू लागलंच नाही. मला वाटलं, जीभ गेली. पळत जाऊन साखर खाल्ली, ती गोड. मीठ चाटलं, ते खारट. नुसता कडूपणा गायब!

प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नसतं, त्यामुळे आमचे साहेब आधी पाऊण तास ओरडले. मग स्वतःच गोळी चघळून बघितली. त्या पुडीला आम्ही 'चूप' म्हणतो, कारण ती कडूपणाला चूप बसवते. यकृत, मूत्रपिंड, रक्त, सगळ्या तपासण्या झाल्या, कुठेही अपाय नाही.

आता मुख्य बातमी. तिचा पहिला मान खोकल्याच्या त्या चॉकलेटी औषधाला मिळालाय. तेच औषध, जे पाजताना तू मला दोन गुडघ्यांत आवळून नाक दाबायचीस, आणि ज्याच्यामुळे घरातली सगळी पोरं तुला कडू आत्या म्हणायला लागली. आधी मोजक्या दवाखान्यांना बाटल्या जाणार आहेत. तुझ्या दवाखान्याचं नाव मी घुसडलंय. तुझी सद्दी संपली म्हणून समज.

तुझी,
चिमटी


११ जून

चि. चिमटीस अनेक आशीर्वाद. त्यातला एक शहाणपणाचा आहे, तो आधी उचल.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा चुका काढायला. पाच ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. शास्त्रज्ञ झाल्यावर वेलांट्यांनाही चूप बसवलंस की काय?

थुंकी लावून शोध लागतो हे आधी ठाऊक असतं तर पट्टी मोडून चुलीत घातली असती. आता मी कोणत्या तोंडाने कोणाला मारू? दादाला फोन केला, तर तो मला म्हणतो, "शेवटी माझीच मुलगी." लहानपणी तू आम्हा सगळ्यांना चिमटे काढत फिरायचीस तेव्हा मात्र तू माझी भाची होतीस.

चेष्टा सोड. ऊर भरून आला गं. पण एक विचारते. चाळीस वर्षं मी त्या खिडकीत बसून पोरांना औषध पाजतेय. सकाळी आठला बाकावर रांग लागते. बाटल्या समोर ओळीने उघड्या, झाकणं सगळी एका वाडग्यात, चमचा माझ्या हातात. त्या गर्दीत झाकणं फिरवत कोण बसणार? पोरं थुंकतात, लाथा मारतात, एकीने तर माझा अंगठा चावला. पण एकाही पोराने कधी दुसरा चमचा मागितला नाही. जीभ कडू म्हणते ती उगाच म्हणत नसेल. तू तिला चूप बसवलंस, पण ती काय सांगत होती ते आधी विचारलंस का?

विचारलं असशील म्हणा. आमचं आपलं कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, एवढंच शिक्षण.

बाटल्या पाठव. बघू तुझा पराक्रम.

तुझी आत्या


२२ जून

ती. आत्यास सा. न.

वेलांट्या तपासून घेतल्या आहेत, निर्धास्त वाच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. ज्या दिवशी माणसाने पहिल्यांदा विस्तव पेटवला, त्या दिवशीसुद्धा कोणाची तरी आत्या मागे उभी राहून म्हणाली असेल, "पोरं भाजतील गं." भाजलीही असतील. पण म्हणून आपण कच्चं खात बसलो का? शोध लावणाऱ्याने असल्या शंका घेत बसलं तर तो शोध लागायच्या आधीच म्हातारा होईल. आणि दर वर्षी किती मुलं औषध थुंकून टाकतात म्हणून बरी होत नाहीत, याचा आकडा माझ्याकडे आहे. तो ऐकलास तर तूच चूपची आरती ओवाळशील.

बाटल्या निघाल्या आहेत. पोरं काय म्हणतात ते खरंखरं कळव. तिखटमीठ लावून नको.

चिमटी


१९ जुलै

चि. चिमटीस आशीर्वाद.

तू जिंकलीस, मी हरले. घे लिहून, पुन्हा म्हणणार नाही.

दवाखान्यात खोट्या खोकल्याची साथ आलीय. पोरं बाकावर बसून आईच्या डोळ्यादेखत "खॉक, खॉक" करतात. एका बहाद्दराला डॉक्टरांनी तपासून "काही झालं नाही" म्हणून हाकललं, तर तो रांगेत पुन्हा मागे जाऊन उभा राहिला. काल एक मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली. स्वतःहून! चाळीस वर्षांत मला ही सवय नाही. हात कुठे ठेवायचा तेच कळेना. नाक दाबायला गेले तर ती मला विचारते, "आजी, तुम्हाला वास येतोय का?"

खरं सांगू? पोरं मला बघून पळायची त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगायचे. तसं नव्हतं गं. रस्त्यात एखादं लेकरू मला बघून आईच्या पदराआड लपलं की घरी येईपर्यंत टोचायचं. आता भाजी घ्यायला गेले तर चार पोरं हात हलवतात.

आमच्या नातीलाही खोकला झालाय, म्हणून एक बाटली घरी आणलीय. चार वर्षांची चिमुरडी, पण चमचा चाटूनपुसून परत देते. सून म्हणाली, "आई, आता तुम्हाला घराबाहेर तोंड लपवायला नको." आमची सूनबाई चेष्टा करते तेव्हा समजावं की दिवस बरे आहेत.

तुझी,
(आता काय आत्या ते तूच ठरव)


३१ जुलै

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. खोट्या खोकल्यापाशी ते इतके हसले की त्यांना खरा खोकला लागला. आमच्या कंपनीच्या मासिकात तुझी हकिकत छापायला घेतलीय, कडू आत्या या नावासकट.

ऑक्टोबरपासून चूप घातलेलं औषध सगळीकडे जाणार. वीस सप्टेंबरला समारंभ आहे, मला मानचिन्ह मिळणार आहे. तू पहिल्या रांगेत हवीस. गुडघा दुखतो ही सबब चालणार नाही, तुला उचलून आणायला माणसं पाठवीन.

चिमटी


३० ऑगस्ट

ती. आत्यास कोपरापासून नमस्कार.

महिना झाला, पत्र नाही. फोन केला तर सूनबाई "आई झोपल्यात" म्हणतात. दिवसाढवळ्या, सकाळी दहाला! तू सकाळी दहाला झोपलीस यावर माझा काय, यमाचासुद्धा विश्वास बसायचा नाही.

मासिक पोचलं वाटतं. नावासकट छापलं म्हणून फुगून बसलीस ना? चुकलंच माझं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापते, की सदर आत्या मुळात साखरेची पुतळी असून भाचीने बदनामी केली आहे. अजून काय करू? उठाबशा काढू? बोटांवर पट्टी मार हवी तर, पण बोल.

चिमटी


६ सप्टेंबर

चि. चिमटीस आशीर्वाद.

रागावले नाही. कामात होते. मासिक छान आहे, फोटोत तू बारीक दिसतेस.

त्या औषधाच्या बाटल्या आणखी पाठवू नकोस. समारंभाला जमणार नाही, गुडघा धरलाय.

एक विचारायचं होतं. शेजारच्या एका मुलाने समजा पाऊण बाटली प्यायली आणि सात-आठ तास उठला नाही, तर पुढे कधी त्याचा काही त्रास राहतो का? डोक्याला वगैरे? सहज विचारतेय.

तुझी आत्या


९ सप्टेंबर

आत्या,

आधी उत्तर देते. वेळेवर दवाखान्यात नेलं असेल आणि मूल पूर्वीसारखं खातंपितं, खेळतं, बोलतं असेल, तर मागाहून काही राहत नाही. मी दोन डॉक्टरांना विचारून खात्री केली.

आता माझा प्रश्न. कोणाचं मूल?

तुझ्या शेजारी एकीकडे शिंप्याचं दुकान आहे आणि दुसरीकडे एक निवृत्त मास्तर एकटे राहतात. आणि तू जन्मात कधी 'सहज' काही विचारलेलं नाहीस. बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, "मला शपथ घातलीय," आणि ठेवून दिला. खरं लिही. लिहिलं नाहीस तर पुढच्या गाडीने येते.

चिमटी


१४ सप्टेंबर

चि. चिमटीस,

येऊ नकोस. लिहिते.

आपलीच नात गं. आता बरी आहे, आधी एवढं वाच आणि मगच पुढे जा. आज सुट्टी, म्हणून सकाळपासून घरभर उड्या मारतेय.

ऑगस्टच्या पाच तारखेची गोष्ट. सून कामावर गेली होती. मी नातीला जेवणानंतरचा चमचा पाजला, बाटली तिथेच बुटक्या टेबलावर ठेवली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले. झाकण लावलं नाही. विसरले नाही हो, मी ते कधी लावतच नाही. चाळीस वर्षं असंच चाललंय. कोणत्या पोराला तो कडूजहर घोट पुन्हा हवा असणार? कडूपणा हेच माझं झाकण होतं. त्या बाटलीत ते नव्हतं, हे मला पत्राने कळवलेलं होतं, मी स्वतः पोरांना पाजून पाहिलेलं होतं, त्यावर पानभर विनोद करून तुला लिहिलेलं होतं. पण हाताला कोण कळवणार? हात जुनाच राहिला.

खाली आले तर ती टेबलाखाली झोपलेली. आता जे लिहितेय ते सुनेलाही सांगितलं नव्हतं, परवा सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, दुपारची झोपली. मी तिच्यावर पांघरूण घातलं. पंखा हळू केला. पाय न वाजवता दीड तास कपड्यांच्या घड्या घालत बसले. अगं चिमटे, दीड तास! मग टेबल पुसताना बाटली हातात आली, ती हलकी लागली.

दवाखान्यात दोन दिवस होती. डोळे उघडेना, चिमटा काढला तरी रडेना. तिला हाका मारून माझा घसा बसला. सून अजूनही त्यावर बोलत नाही. मी विचारलेल्याला ती उत्तर देते, चहा आणून ठेवते, पण नातीला आता सकाळी आपल्या माहेरी सोडते. मी खिडकीवर जायचं बंद केलंय. ज्या बाईला झाकण लावता येत नाही तिने दुसऱ्यांची पोरं कशाला हाताळावीत?

दादाला शपथ घातली ती तुझ्यासाठी. तुझा समारंभ व्हावा, मानचिन्ह घरी यावं, मग बघू म्हटलं. तुझी चूक नाही. तू कडूपणा काढलास, झाकण मी लावलं नाही. तू नीट साडी नेसून जा आणि ताठ मानेने ते घे.

तुझी आत्या


२३ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र समारंभाच्या आदल्या दिवशी मिळालं. साडी नीट नेसले, तेवढं ऐकलं. बाकी काही ऐकलं नाही.

'तुझी चूक नाही' हे वाचून मी आधी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासाची मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आम्ही नऊशे मुलांना हे औषध पाजून बघितलं होतं. नऊशेच्या नऊशे वेळा चमचा परिचारिकेच्या हातात होता आणि बाटली बंद कपाटात. चूप यकृताला काय करते ते आम्ही पाहिलं. चूप घरात गेल्यावर घराला काय करते, हे बघायला वहीत रकानाच नव्हता. तू पहिल्याच पत्रात तो आखून दिला होतास, आणि मी तुला विस्तवाची गोष्ट ऐकवली. फार अक्कल पाजळली. विस्तव पेटवणारा तिथेच बसून राहिला असेल तर गोष्ट वेगळी, मी तर पेटवून मासिकासाठी फोटो काढायला गेले होते.

मी माईकवर उभी राहून सांगितलं. नाव कोणाचं घेतलं नाही. 'चार वर्षांची एक मुलगी सात तास उठली नाही' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. साहेब पुन्हा पाऊण तास ओरडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटलेल्या सगळ्या बाटल्या परत मागवल्या. ऑक्टोबर रद्द. मानचिन्ह 'तूर्त' त्यांच्याच कपाटात आहे. पोरांना उघडता येणार नाही असं झाकण आता येईल. पण झाकणावर माझा भरवसा नाही, कारण मला तू माहीत आहेस.

म्हणून वेगळं काहीतरी चाललंय. औषध पहिल्यांदा गोडच लागेल, पण त्यात चूपलाही न जुमानणाऱ्या कडूचे इतके बारीक कण असतील की दिसायचे नाहीत, आणि त्यांच्यावर असं कवच, की ते तोंडात थोड्या वेळाने उघडेल. आपल्या काही नातेवाइकांसारखं, आधी गोड आणि मागाहून कळतं. आता अडलंय इथे, की कडूपणा किती वेळाने यावा आणि किती यावा? फार लवकर आला तर पोर पहिलाच चमचा थुंकेल. उशिरा आला तर तोवर बाटली संपेल. साहेब म्हणतात, एक मिनिट. कशावरून, तर त्यांना एक ही संख्या आवडते. पहिला चमचा गिळणं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे येणं, या दोन्हींच्या मध्ये किती वेळ असतो, हे आमच्या एकाही पुस्तकात नाही.

ते तुला माहीत आहे. चाळीस वर्षं पोरांची तोंडं तू पाहिलीस. ही चेष्टा नाही आणि तुला बरं वाटावं म्हणूनही नाही. मला खरंच तू हवीस. येशील?

चिमटी


४ ऑक्टोबर

चि. चिमटीस अनेक आशीर्वाद.

'चूक' या वेळी बरोबर लिहिलंयस, दीर्घ. पोरगी सुधारली.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर वेळेवर ये, आणि त्या साहेबांना सांग, तुमचं एक मिनिट केराच्या टोपलीत टाका. एका मिनिटात पोर बाटली पिऊन, तोंड पुसून, आपण त्या गावचेच नाही म्हणून मोकळं होतं. एक-दोन करत पाच म्हणेपर्यंतचा वेळ असतो. पहिले दोन अंक गिळण्यात जातात, तिसऱ्याला जीभ ओठांवरून फिरते, चौथ्याला डोळे बाटलीकडे वळतात, पाचव्याला हात. तुमचा कडूपणा चारावर यायला पाहिजे. किती कडू ते तिथे येऊन चाखून सांगेन, पत्रात मावायचं नाही.

येणार नव्हते. तुझं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं होतं. मग परवा असं झालं, की नात पुन्हा खोकायला लागली. सून ऑफिसातून येताना जुनं औषध घेऊन आली, चूप नसलेलं, आपलं मूळचं. चमचा भरला आणि माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "तू पाज गं, माझ्या हाताचा भरवसा नाही."

"नाही आई. तुम्हीच."

दोन महिन्यांनी तिने नातीला माझ्या मांडीवर दिलं. मी आधी झाकण लावलं, तिने ते बघितलं. मग गुडघ्यांत धरलं, नाक दाबलं, चमचा आत. अगं, काय तो थयथयाट! निम्मं माझ्या तोंडावर थुंकली, हाताला चावली, आणि असं भोकाड पसरलं की शिंपी दुकान सोडून दारात आला. मी घाईघाईने तिला थोपटायला, उगी उगी करायला लागले. तर सुनेने माझा हात धरला.

म्हणाली, "रडू द्या आई. रडतेय म्हणजे जागी आहे."

मग आम्ही तिला गप्प केलं नाही. दोघी तिच्या दोन बाजूंना बसून ते रडणं ऐकत राहिलो.

तुझी आत्या